गांजाबद्दलचा तो मेसेज आणि त्यातून गाळलेलं वय

माझ्या बहिणीच्या मुलाने, वय वर्षं सोळा, परवा मला एक मेसेज पाठवला. "गांजाबद्दलची ९ सत्यं, जी तुमच्यापासून लपवली जातात." खाली त्याने विचारलं होतं, "मावशी, यात चुकीचं काय आहे?" हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच राहतात. त्याने निदान विचारलं तरी. बाकीची मुलं विचारत बसणार नाहीत, वाचून पुढे ढकलतील. म्हणून हे उत्तर त्याला एकट्याला न पाठवता सगळ्यांसमोर लिहितेय.

आधी मेसेज काय म्हणतो ते थोडक्यात. गांजा ही नैसर्गिक वनस्पती, त्यामुळे निरुपद्रवी. त्याचं व्यसन लागत नाही. त्याने आजवर कुणी मेलेलं नाही. दारू-सिगारेटपेक्षा तो बरा. तो औषध आहे, कॅन्सरसुद्धा बरा करतो. ताण आणि निराशा घालवतो. एकाग्रता वाढवतो. पुढारलेल्या देशांनी तो कायदेशीर केलाय. आणि सगळेच घेतात, तुम्हीच मागे राहिलात.

यातल्या काही वाक्यांत तथ्याचा अंश आहे, ते मी त्या त्या ठिकाणी मान्य करीन. पण नऊच्या नऊ मुद्द्यांत एक गोष्ट कुठेच येत नाही, ती म्हणजे घेणाऱ्याचं वय. चाळिशीतल्या कॅन्सरच्या रुग्णाबद्दलचं वाक्य उचलायचं आणि दहावीतल्या मुलाच्या हातात द्यायचं, असा सगळा प्रकार आहे. गांजाबद्दल आज जे खात्रीने माहीत आहे त्यात घेणाऱ्याचं वय हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि नेमका तोच गाळलाय.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तो करतो.

"गांजाचं व्यसन लागत नाही. लागलंच तर मनाने कमकुवत असलेल्यांना लागतं."

साफ खोटं. गांजा घेऊन पाहणाऱ्या प्रत्येकाला व्यसन लागतं असं कुणी शहाणा माणूस म्हणत नाही. २०१४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये गांजाच्या दुष्परिणामांचा आढावा आला होता. त्यात आकडे असे दिलेत: घेऊन पाहणाऱ्यांपैकी साधारण ९ टक्के लोक त्याच्या आहारी जातात. मेसेजवाले हा आकडा आनंदाने सांगतात. पण त्याच परिच्छेदात पुढे लिहिलंय की किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांमध्ये हेच प्रमाण सुमारे सहा जणांत एक होतं, आणि रोज ओढणाऱ्यांमध्ये २५ ते ५० टक्के. पुढचं वाक्य मुलांना कुणी वाचून दाखवत नाही.

त्यातून ते ९ टक्के जुन्या पाहण्यांतून आलेत, तेव्हाच्या गांजावरचे. अमेरिकेत १९९५च्या सुमारास पकडलेल्या गांजात टीएचसी, म्हणजे नशा आणणारं रसायन, सरासरी ४ टक्के असायचं. २०१४पर्यंत ते १२ टक्क्यांच्या आसपास पोचलं. अर्क काढून केलेल्या मेणासारख्या किंवा तेलासारख्या मालात ते ६० टक्क्यांच्याही वर जातं. कुणाच्या तरी काकांनी कॉलेजात असताना ओढला आणि त्यांना काही झालं नाही, या गोष्टीचा आजच्या मालाशी फारसा संबंध उरलेला नाही.

सोडल्यावर त्रास होत नाही, हेही असंच ठोकून दिलेलं. २०१३ साली मानसोपचारतज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेची नवी आवृत्ती काढली, तिच्यात गांजा सोडल्यावर होणाऱ्या त्रासाची स्वतंत्र नोंद आहे. चिडचिड, अस्वस्थपणा, झोप उडणं, भूक मरणं, उदास वाटणं. ओळखीतल्या एका घरात मी हे जवळून पाहिलंय. मुलगा एकोणीस वर्षांचा, दोन वर्षं रोज ओढणारा, "मी केव्हाही सोडू शकतो" म्हणणारा. त्याने खरंच सोडला. दुसऱ्या रात्रीपासून झोप गेली. डोळा लागला की भयानक खरीखुरी वाटणारी स्वप्नं पडायची, उठायचा तेव्हा उशी घामाने ओली. जेवणाचं ताट तसंच राहायचं. आईने "पाणी देऊ का" एवढं विचारलं तरी खेकसायचा, आणि मग त्याचं त्यालाच वाईट वाटून रडायचा. चौथ्या दिवशी त्याने पुन्हा ओढला आणि तासाभरात शांत झोपला. त्यावरून त्याची खात्री पटली की आपल्याला मुळातच झोपेचा विकार आहे आणि गांजा हे त्यावरचं औषध आहे.

त्याच्या शरीरात काय चाललं होतं ते समजून घेण्यासारखं आहे. टीएचसी मेंदूतल्या सीबी१ नावाच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशींवरच्या रसायनांचा निरोप घेणाऱ्या जागांवर, जाऊन बसतं. रोज मारा झाला की मेंदू हे रिसेप्टर कमी करतो. म्हणून तेवढीच झिंग यायला जास्त माल लागतो. एकदम बंद केलं की मेंदूची स्वतःची व्यवस्था काही दिवस अपुरी पडते, आणि झोप, भूक, मूड हे सगळं त्याच व्यवस्थेवर अवलंबून असतं. त्रास पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतो, बहुतेकांचा दोनेक आठवड्यांत ओसरतो, झोपेची तक्रार थोडी जास्त रेंगाळते. रिसेप्टर काही आठवड्यांत पूर्ववत होतात. चौथा दिवस हा सगळ्यात वाईट दिवसांपैकी एक, हे त्या मुलाला आधी कुणी सांगितलं असतं तर त्याने कदाचित पाचवा दिवस काढला असता. पण त्याने वाचलं होतं की व्यसन लागतच नाही. मग होतोय तो त्रास कसला? त्याने उत्तर काढलं की आपणच कमकुवत. मेसेजमधल्या त्या दुसऱ्या वाक्याने नेमकं हेच होतं. मूल मदत मागत नाही, लपवतं. याचा मला मनापासून संताप येतो.

"ताण, चिंता, निराशा यांवर नैसर्गिक उतारा."

वरच्या मुलाचीच गोष्ट इथेही लागू आहे. ओढल्यावर तासभर हलकं वाटतं, हे खरं. उतरल्यावर जी बेचैनी येते ती घालवायला पुन्हा ओढायचा, आणि याला उतारा म्हणायचं? शिवाय टीएचसीचा डोस वाढला की ते स्वतःच चिंता वाढवतं. छातीत धडधड, कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवून आहे असा संशय, जीव घाबरा होणं. पहिल्यांदाच घेणाऱ्या बऱ्याच जणांना नेमका हाच अनुभव येतो, फक्त मित्रांमध्ये तो कुणी सांगत नाही.

आता ज्या अहवालाचा आधार मी पुढे वारंवार घेणार आहे त्याबद्दल सांगते. जानेवारी २०१७मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने गांजा आणि आरोग्य या विषयावर मोठा अहवाल काढला. समितीने १०,०००हून जास्त शोधनिबंधांचे गोषवारे चाळले आणि जवळपास शंभर निष्कर्ष मांडले, प्रत्येकापुढे पुरावा किती भक्कम याची पायरी लिहून. गांजाचे फायदे त्यात आहेत, तोटे आहेत, आणि जिथे पुरावाच नाही तिथे तसं स्पष्ट म्हटलंय. अहवाल इंटरनेटवर फुकट वाचता येतो. टीएचसी वेगळं काढलं गेलं त्याला, १९६४ साल धरलं तर, साठ वर्षं होऊन गेली. तेव्हापासूनचं संशोधन छापून आलेलं आहे. "लपवलेली सत्यं" म्हणणाऱ्याने त्यातलं काही उघडून पाहिलेलं नाही, एवढाच अर्थ.

या अहवालात लिहिलंय की नियमित वापराचा संबंध पुढे सामाजिक भीतीचा विकार जडण्याशी दिसतो, नैराश्याचा धोका थोडा वाढतो, आणि भरपूर वापरणाऱ्यांमध्ये आत्महत्येचे विचार जास्त आढळतात. या तिन्हींसाठी पुराव्याची पायरी 'मध्यम' दिलीय, तेव्हा मीही यापेक्षा जास्त दावा करत नाही. पण निराश असलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला हा 'उतारा' सुचवणाऱ्याने एवढं तरी सांगायला हवं होतं.

आणि एक विषय मेसेजने अजिबात काढलेला नाही: भास, भ्रम, स्किझोफ्रेनिया. इथे अकादमीने पुराव्याला 'भक्कम' म्हटलंय. वापर जितका जास्त तितका धोका जास्त. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या वेळी ४५,००० हून अधिक तरुणांना मादक पदार्थांबद्दल विचारलं होतं आणि पुढची १५ वर्षं त्यांचा मागोवा घेतला गेला. अठराव्या वर्षापर्यंत ५०पेक्षा जास्त वेळा गांजा घेतलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट निघालं. तो अभ्यास १९८७चा, म्हणजे सौम्य मालाच्या काळातला. २०१९ साली 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणांचा अभ्यास आला. रोज वापरणाऱ्यांमध्ये सायकोसिसची, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याची, शक्यता तिपटीने जास्त, आणि रोजचा माल तीव्र असेल तर जवळजवळ पाचपट.

कारण कोणतं आणि परिणाम कोणता यावर तज्ज्ञांत वाद आहे. काहींच्या घराण्यातच या आजाराकडे कल असतो, काही जण आजाराच्या सुरुवातीच्या अस्वस्थपणामुळे गांजाकडे वळतात. बहुसंख्य ओढणाऱ्यांना हा आजार होत नाही, हेही खरं. पण आपल्या घराण्यात कुणाला काय होतं, हे सोळा वर्षांच्या मुलाला कितपत माहीत असतं? मोठी माणसं या आजाराचं नावसुद्धा घरात काढत नाहीत. हा आजार बहुतेकदा पौगंडावस्थेच्या अखेरीला आणि विशीत डोकं वर काढतो, आणि नेमक्या त्याच वयात हा मेसेज त्यांच्या हातात पडतो.

"एकाग्रता वाढते, अभ्यासात मदत होते, मोठमोठे लोक घेतात."

हा मुद्दा वाचून मला काही क्षण सुचेना की यापेक्षा उलटं आणखी काय लिहिता आलं असतं. नवीन आठवण साठवण्याचं काम मेंदूच्या ज्या भागात होतं, त्या हिप्पोकॅम्पसमध्ये सीबी१ रिसेप्टर खच्चून भरलेले आहेत. टीएचसी तिथे गेलं की नवं काही साठवायची प्रक्रिया ढिली पडते. झिंगेत पान वाचताना सगळं समजल्यासारखं वाटतं, अगदी खोल अर्थ लागल्यासारखं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी त्या पानावर काय होतं ते आठवत नाही. बोलणारा वाक्याच्या मध्यावर थांबतो, कारण वाक्य कुठून सुरू केलं ते निसटलेलं असतं. शिकणं, स्मरण आणि लक्ष या तिन्हींवर वाईट परिणाम होतो, असं अकादमीचा अहवाल म्हणतो.

मेंदूची बांधणी विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. वापरातल्या जोडण्या पक्क्या होतात, नको त्या छाटल्या जातात, आणि पुढचा विचार करून स्वतःला आवरायला लावणारा कपाळामागचा भाग सगळ्यात शेवटी पुरा होतो. या कामात मेंदूची स्वतःची गांजासदृश रसायनं भाग घेतात. बाहेरून टीएचसी ओतणं म्हणजे त्या कामात हात घालणं.

इथे एक गोष्ट मला नाइलाजाने कबूल करावी लागतेय. "गांजाने बुद्ध्यांक ८ गुणांनी घसरतो" हे जे दुसऱ्या बाजूचे लोक ओरडून सांगतात, तेही तितकं पक्कं नाही. तो आकडा न्यूझीलंडमधल्या डनेडिनच्या अभ्यासातला, २०१२चा. किशोरवयात सुरू करून पुढे अनेक वर्षं त्यात अडकून राहिलेल्यांपुरता. नंतर जुळ्या भावंडांवर झालेल्या अभ्यासात, घेणारा आणि न घेणारा यांच्या बुद्ध्यांकात तसा फरक सापडला नाही. तेव्हा मुलांना घाबरवण्यासाठी तो आकडा वापरू नये. खोटं पकडलं गेलं की मुलं आपल्या खऱ्या गोष्टीही ऐकत नाहीत. त्यापेक्षा २०१८चा एक छोटा अभ्यास त्यांना सांगा: १६ ते २५ वयाच्या नियमित वापरणाऱ्यांपैकी ज्यांनी महिनाभर बंद ठेवला, त्यांची नवं लक्षात ठेवण्याची क्षमता सुधारली, आणि बरीचशी सुधारणा पहिल्याच आठवड्यात दिसली.

"तो औषध आहे. कॅन्सर बरा करतो."

पहिलं वाक्य अर्धं खरं. केमोथेरपीनंतरची मळमळ, प्रौढांचं जुनाट दुखणं, मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात स्नायू आखडणं, या तिन्हींसाठी अकादमीने चांगला पुरावा असल्याचं म्हटलंय. अमेरिकेत १९८५पासून टीएचसीची कॅप्सूल मंजूर आहे. २०१८ साली अपस्माराच्या दोन दुर्मीळ, बालपणात सुरू होणाऱ्या प्रकारांसाठी सीबीडीचं एपिडायोलेक्स नावाचं औषध मंजूर झालं. सीबीडी हे त्याच झाडातलं दुसरं रसायन, त्याने झिंग येत नाही. ते औषध मिलिलिटरच्या मापाने, यकृताच्या तपासण्या करत देतात. रस्त्यावरच्या पुडीत काय आणि किती आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

कॅन्सर बरा होतो, हे मात्र थापच. प्रयोगशाळेतल्या बशीत पेशी मारणारी रसायनं शेकड्याने सापडतात. माणसातला कॅन्सर गांजाने बरा होतो असं म्हणायला पुरावा अपुरा आहे, असं अकादमीने स्पष्ट लिहिलंय. या थापेपायी कुणी उपचार लांबणीवर टाकले तर जबाबदार कोण?

"त्याने आजवर कुणी मेलेलं नाही."

हेरॉईनसारख्या पदार्थाने श्वास थांबून मरण येतं तसं गांजाने सहसा येत नाही. श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या देठात सीबी१ रिसेप्टर फारच थोडे असतात, म्हणून. एवढं मान्य. पण गांजा घेऊन गाडी चालवल्यास अपघाताचा धोका वाढतो, याला अहवालात भक्कम पुरावा दिलाय. २०१९-२०मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे, म्हणजे ई-सिगारेटसारख्या यंत्रातून वाफ ओढल्यामुळे, फुप्फुसं निकामी होण्याची साथच आली: फेब्रुवारी २०२०पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात किंवा मृत, त्यांत ६८ मृत्यू. बहुतेकांनी त्या यंत्रात टीएचसीच्या तेलाची कार्ट्रिज, म्हणजे भरलेली नळी, वापरली होती आणि मुख्य दोषी निघालं त्यात मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट. खाण्याच्या प्रकारांचा धोका वेगळा. त्यांचा असर व्हायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात. मूल एक तुकडा खातं, काही होत नाही म्हणून दुसरा खातं, तिसरा खातं, आणि मग सगळं एकदम चढतं.

मरण सोडूनही बरंच काही उरतं. वर्षानुवर्षं रोज ओढणाऱ्या काहींना उलट्यांचा एक विकार जडतो. तासन्‌तास उलट्या, पोटात कळा, आणि बरं वाटतं फक्त कढत पाण्याखाली उभं राहिल्यावर. हे रुग्ण दिवसातून अनेकदा, तासतासभर गरम पाण्याने अंघोळ करत बसतात. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २००४ साली हे पहिल्यांदा नीट मांडलं. बरं व्हायचा खात्रीचा मार्ग एकच, गांजा पूर्ण बंद.

बाकीचे मुद्दे लवकर उरकते, त्यांत फार दम नाही.

नैसर्गिक? तंबाखू, अफू आणि धोतरा हेही जमिनीतूनच उगवतात. दारूपेक्षा बरा? दारूने जगात वर्षाला लाखो माणसं मरतात, गांजा त्या पंगतीत बसत नाही, कबूल. फुप्फुसाच्या कॅन्सरशीही त्याचा संबंध आढळलेला नाही, जुनाट खोकला आणि कफाशी मात्र आढळलाय. पण मुलांना दारू द्या असं म्हणतंय कोण? आणि बरेच जण दोन्ही एकत्रच घेतात.

कायदेशीर केल्याचा मुद्दा तर मेसेजवरच उलटतो. उरुग्वेने २०१३ साली परवानगी दिली, १८ वर्षांवरच्यांना. कॅनडाने २०१८ साली दिली, प्रांतानुसार १८ किंवा १९, क्वेबेकमध्ये २१. अमेरिकेच्या ज्या राज्यांत मौजेसाठी परवानगी आहे तिथे २१. जर्मनीने एप्रिल २०२४पासून दिली, तरी तिथल्या क्लबांत १८ ते २१ वयाच्या सदस्यांना महिन्याला ३० ग्रॅमच मिळतो, तोही १० टक्क्यांपेक्षा जास्त टीएचसी नसलेला. ज्यांनी दार उघडलं त्या सगळ्यांनी दारावर वय लिहिलंय.

आणि सगळेच घेतात? अमेरिकेत दरवर्षी शाळकरी मुलांची मोठी पाहणी होते. २०२३ साली बारावीतल्या २९ टक्के मुलांनी वर्षभरात गांजा घेतल्याचं सांगितलं, आठवीतल्या सुमारे ८ टक्के मुलांनी. म्हणजे गांजा इतका सहज मिळणाऱ्या देशातही बारावीतल्या दहांपैकी सात मुलांनी वर्षभरात हात लावला नव्हता.

ज्यांच्या घरात हा विषय मेसेजच्या पुढे गेलाय त्यांच्यासाठी थोडं. गांजाचं व्यसन सोडवणारी मंजूर गोळी अजून निघालेली नाही. समुपदेशनाचे काही प्रकार उपयोगी ठरतात, विशेषतः ज्यात विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवतात, आणि ज्यात मुलाची स्वतःची सोडण्याची इच्छा हळूहळू वाढवत नेतात. डॉक्टरकडे जाताना किती वर्षांचा असताना सुरू केला, आठवड्यातून किती वेळा, आणि ओढतो, खातो की व्हेप करतो, हे खरंखरं सांगा. घराण्यात कुणाला मानसिक आजार असेल तर तेही सांगा, विचारायची वाट पाहू नका. पहिले दोन आठवडे झोप लागणार नाही हे मुलाला आधीच सांगून ठेवा आणि त्या दिवसांत त्याच्या तोंडाला तोंड देऊ नका. कुणी नसताना आवाज ऐकू येत असतील, कुणीतरी मागावर आहे असं तो म्हणत असेल, किंवा जीव द्यायची भाषा करत असेल, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा.